स्वलिखित स्क्रिप्टमध्ये बाह्य कोड-लायब्ररींचा वापर : स्वरूप, उपयुक्तता आणि दक्षता

सारांश :
महाविद्यालयीन अध्यापन, मूल्यमापन आणि संशोधन या तिन्ही क्षेत्रांत प्राध्यापकवर्ग आता लहान-लहान संगणकीय स्क्रिप्ट स्वतः लिहू लागला आहे. अशा स्क्रिप्टमधील बहुतांश काम प्रत्यक्षात इतरांनी लिहिलेल्या बाह्य लायब्ररी करीत असतात. प्रस्तुत लेखात लायब्ररी या संकल्पनेचा उगम, बाह्य लायब्ररी वापरण्याची कारणे, तिच्यात दडलेली गृहीतके, आवृत्तीबदलाचे परिणाम, सुरक्षिततेचे व परवान्याचे प्रश्न यांचा सोदाहरण परामर्श घेतला असून, संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या अभ्यासकालाही पाळता येईल अशी कार्यपद्धती सुचविली आहे. उदाहरणे मुख्यतः पायथन या भाषेतील आणि मराठी मजकूर व गुणपत्रके यांच्याशी निगडित आहेत.

बीजसंज्ञा : स्क्रिप्ट, लायब्ररी, अवलंबित्व, आवृत्ती, युनिकोड, पुनःपडताळणी.

१. प्रस्तावना

एखादे विशिष्ट व मर्यादित काम करून घेण्यासाठी स्वतः लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीस स्क्रिप्ट असे म्हटले जाते. चाळीस कादंबऱ्यांतील शब्दांची वारंवारिता मोजणे, तीन विभागांच्या उपस्थितीपत्रकांचे एकत्रीकरण करणे, अंतर्गत गुणांची सरासरी काढणे, प्रश्नावलीच्या उत्तरांचे सारणीकरण करणे ही अशा कामांची काही उदाहरणे होत. या कामांसाठी बाजारात तयार सॉफ्टवेअर मिळतेच असे नाही, आणि मिळाले तरी ते आपल्या गरजेशी तंतोतंत जुळतेच असेही नाही. त्यामुळे भाषा, वाणिज्य, भूगोल, रसायनशास्त्र अशा विविध विभागांतील प्राध्यापक स्वतः स्क्रिप्ट लिहिण्याकडे वळले आहेत. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने अशी स्क्रिप्ट काही क्षणांत लिहून देतात, त्यामुळे या प्रवृत्तीस अधिकच वेग आला आहे.

तथापि, अशा स्क्रिप्टची पहिली चार-पाच वाक्ये नीट पाहिली असता एक बाब ध्यानात येते. ती वाक्ये अन्य कोणीतरी लिहिलेला कोड मागवून घेणारी असतात. पुढे आपण लिहिलेल्या तीस ओळींच्या पाठीशी इतरांनी लिहिलेल्या हजारो, प्रसंगी लाखो ओळी उभ्या असतात. संशोधन निबंधात आपण निष्कर्ष मांडतो, परीक्षा विभागाकडे निकाल पाठवितो, तेव्हा त्या सर्व ओळींची जबाबदारीही नकळत आपल्या स्वाक्षरीखाली येते. ही जबाबदारी डोळसपणे कशी पेलावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. लायब्ररी : संकल्पना आणि उगम

वारंवार लागणारी कामे करणारा, एकदा लिहून व तपासून ठेवलेला आणि कोणत्याही आज्ञावलीतून मागवता येणारा कोडचा संग्रह म्हणजे लायब्ररी होय. हे नाव केवळ अलंकारिक नाही. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली यशस्वीपणे चालली. त्या संगणकासाठी लागणाऱ्या उप-आज्ञावली छिद्रांकित कागदी फितींवर नोंदवून कपाटात वर्गवारीने ठेवल्या जात. ज्यास वर्गमूळ काढावयाचे असेल तो त्या कपाटातून संबंधित फीत काढून तिची नक्कल आपल्या फितीस जोडीत असे. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ले गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संग्रहाचे सविस्तर वर्णन आहे. पुढे १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकइलरॉय यांनी, कारखान्यात सुटे भाग तयार होतात त्याप्रमाणे सॉफ्टवेअरचेही प्रमाणित सुटे भाग तयार व्हावेत, असा विचार मांडला. इंटरनेटच्या प्रसारानंतर हा विचार प्रत्यक्षात उतरला. पर्ल भाषेसाठी सीपॅन हे भांडार १९९५ मध्ये, पायथनसाठी पायपीआय २००३ मध्ये आणि जावास्क्रिप्टसाठी एनपीएम २०१० मध्ये सुरू झाले.

पायथन वापरणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने लायब्ररींचे दोन प्रकार संभवतात. पहिला प्रकार मानक लायब्ररीचा. ती भाषेबरोबरच येते, तिची देखभाल भाषेचा मुख्य गट करतो आणि ती स्वतंत्रपणे बसवावी लागत नाही. दुसरा प्रकार बाह्य लायब्ररीचा. ती भांडारातून उतरवून घ्यावी लागते आणि तिची देखभाल एखादी संस्था, स्वयंसेवकांचा गट किंवा अनेकदा एकटी व्यक्ती करीत असते. बाह्य लायब्ररी स्वतःही अन्य लायब्ररींवर विसंबून असू शकते. त्यामुळे एक लायब्ररी मागविली असता तिच्यासोबत आणखी काही येतात. यांपैकी पहिल्या अवलंबित्वाची निवड आपण करतो, उरलेली आपल्या वतीने कोणीतरी अगोदरच केलेली असते.

३. बाह्य लायब्ररी का वापरावी ?

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर 'वेळ वाचतो' असे दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. अधिक महत्त्वाचे कारण असे की, वरवर सोप्या दिसणाऱ्या अनेक कामांत बारकावे दडलेले असतात आणि त्या बारकाव्यांशी इतरांनी अगोदरच झुंज दिलेली असते. मराठी मजकुराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल.

समजा, मराठी विभागातील एका संशोधकास एका कथासंग्रहातील शब्दांची वारंवारिता मोजावयाची आहे. मजकुरातील शब्द वेगळे करण्यासाठी पायथनच्या मानक लायब्ररीत 'आरई' हा विभाग उपलब्ध आहे. त्यात 'शब्दात येऊ शकणारे कोणतेही चिन्ह' असे सांगण्याची सोय आहे. इंग्रजी मजकुरावर ही सोय अपेक्षेप्रमाणे चालते. परंतु या विभागाच्या लेखी अक्षरे व अंक हीच शब्दातील चिन्हे होत, आणि काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही युनिकोडमध्ये अक्षरे नसून जोडचिन्हे म्हणून वर्गीकृत आहेत. परिणामी 'मराठी' हा शब्द 'मर' आणि 'ठ' अशा दोन तुकड्यांत विभागला जातो, तर 'विद्यार्थी' या शब्दाचे व, द, य, र, थ असे पाच सुटे तुकडे होतात. स्क्रिप्ट मात्र कोणतीही त्रुटी न दर्शविता पूर्ण चालते आणि वारंवारितेची देखणी सारणीही देते. 'रेजेक्स' ही बाह्य लायब्ररी युनिकोडचे नियम अधिक काटेकोरपणे पाळत असल्याने ती हेच शब्द अखंड ठेवते. येथे बाह्य लायब्ररीची निवड ही सोयीची बाब न राहता संशोधनाच्या शुद्धतेची बाब ठरते.

दुसरे उदाहरण नामावलीच्या क्रमाचे. पायथनची स्वाभाविक क्रमवारी युनिकोडमधील क्रमांकानुसार लागते. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' नंतर आणि 'व' पूर्वी येते. मराठी वर्णमालेत मात्र ते 'ह' नंतर येते. त्यामुळे संगणक 'काळे, कावळे, काशीकर' असा क्रम लावतो, तर मराठी परंपरेप्रमाणे तो 'कावळे, काशीकर, काळे' असा असावयास हवा. भाषानिहाय क्रमवारीसाठी युनिकोड संघटनेच्या देखरेखीखालील आयसीयू ही लायब्ररी उपलब्ध असून पायथनमधून ती 'पायआयसीयू' द्वारे वापरता येते.

तिसरी बाब एकाच अक्षराच्या दोन संकेतांची. 'वाऱ्यावर' या शब्दातील 'ऱ' हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, तसेच 'र' आणि त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, संगणक मात्र त्यांना भिन्न शब्द मानतो. यासाठी बाह्य लायब्ररीची गरज नाही. मानक लायब्ररीतील 'युनिकोडडेटा' हा विभाग मजकुराचे एकरूपीकरण करून देतो. यावरून असे दिसते की, बाह्य लायब्ररीकडे वळण्यापूर्वी मानक लायब्ररीत काय आहे हे पाहणे हितावह असते.

४. लायब्ररीत दडलेली गृहीतके

प्रत्येक लायब्ररीच्या कर्त्याने काही निर्णय घेतलेले असतात. वापरणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही, तर ते निर्णय मूकपणे लागू होतात. ते चुकीचे असतात असे नाही, परंतु ते आपल्या विद्याशाखेच्या संकेतांशी जुळतीलच याची शाश्वती नसते.

(अ) प्रमाण विचलन : पाच विद्यार्थ्यांचे गुण ४०, ५०, ६०, ७० आणि ८० आहेत असे मानू. त्यांची सरासरी ६० येते आणि सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १००० होते. नमपाय या लायब्ररीस प्रमाण विचलन विचारल्यास ती १००० ला ५ ने भागून १४.१४ असे उत्तर देते. पांडाज या लायब्ररीस तोच प्रश्न विचारल्यास ती ४ ने भागून १५.८१ असे उत्तर देते. पहिली दिलेल्या संख्यांना संपूर्ण समष्टी मानते, दुसरी त्यांना नमुना मानते. दोन्ही लायब्ररी सर्वमान्य आहेत, पांडाजची रचनाच मुळात नमपायवर उभी आहे, आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र संशोधकाने कोणते उत्तर घेतले व का घेतले, हे त्याला स्वतःला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

(आ) पूर्णांकीकरण : उत्तीर्णतेची मर्यादा ३५ गुणांची आहे आणि एका विद्यार्थ्याची सरासरी ३४.५ येते. शालेय गणितात शिकविलेल्या रीतीप्रमाणे, तसेच एक्सेलमधील पूर्णांकीकरणाच्या सूत्राप्रमाणे त्याचे ३५ होतात. पायथनचे 'राउंड' हे फंक्शन मात्र अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून ते ३४ असे उत्तर देते. नमपाय आणि पांडाज यांची रीतही हीच आहे. सांख्यिकीय गणनेत एकाच बाजूस झुकणारी त्रुटी साचू नये, यासाठी हा नियम स्वीकारलेला आहे. परंतु निकालपत्रकाच्या संदर्भात त्याचा अर्थ एक विद्यार्थी अनुत्तीर्ण होणे असा होतो. लक्षणीय बाब अशी की, मर्यादा ४० असती व गुण ३९.५ असते, तर हेच फंक्शन ४० असे अपेक्षित उत्तर देते. म्हणजे एका चाचणीत बरोबर ठरलेली स्क्रिप्ट दुसऱ्या विषयात चुकते. मानक लायब्ररीतील 'डेसिमल' विभागात अर्धा गुण वरच्या बाजूस नेण्याचा नियम स्पष्टपणे सांगता येतो. निकालाच्या कामी तोच वापरणे उचित होय.

(इ) फाइलींचा क्रम : रेणूंच्या रचनेचा शोध घेण्यासाठी लागणारी काही गणना करून देणाऱ्या 'विलोबी-हॉय' नावाने ओळखल्या जाणाऱ्या पायथन स्क्रिप्ट २०१४ मध्ये एका शोधनिबंधासोबत प्रसिद्ध झाल्या आणि अनेक रसायनशास्त्रज्ञांनी त्या वापरल्या. हवाई विद्यापीठातील संशोधकांच्या असे लक्षात आले की, त्याच माहितीवर त्याच स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर वेगवेगळी उत्तरे देतात. हे निरीक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण असे की, फाइलींची यादी देणारा 'ग्लोब' हा मानक विभाग ती यादी ठरावीक क्रमाने देण्याची हमी देत नाही, आणि स्क्रिप्टने मात्र तो क्रम गृहीत धरला होता. ही यादी प्रथम क्रमाने लावून घेणारी एखादी ओळ पुरेशी होती. लायब्ररीने दिलेले वचन आणि आपण मानलेले वचन यांत अंतर पडले की काय घडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५. आवृत्तीबदल आणि निष्कर्षांची पुनःपडताळणी

ग्रंथाची जुनी आवृत्ती फडताळात तशीच राहते. लायब्ररीचे तसे नाही. ती पुन्हा बसविताना आवृत्ती नमूद केली नाही, तर सामान्यतः नवीनतम आवृत्ती येते. या बदलाचे परिणाम दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार उघड बिघाडाचा. एक्सेल फाइली वाचणाऱ्या एक्सएलआरडी या लायब्ररीने डिसेंबर २०२० मधील २.० या आवृत्तीपासून एक्सेलच्या नव्या स्वरूपातील फाइली वाचणे सोडून दिले आणि केवळ जुन्या स्वरूपापुरते काम मर्यादित केले. परिणामी, आदल्या सत्रापर्यंत व्यवस्थित चालणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट एकाएकी थांबल्या. त्यासाठी आता ओपनपायएक्सएल ही लायब्ररी वापरली जाते. तसेच पांडाजमधील सारणीस नवी ओळ जोडणारे 'अपेंड' हे फंक्शन एप्रिल २०२३ मधील २.० या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले. जुन्या पाठ्यपुस्तकांतील व चित्रफितींतील अनेक उदाहरणे त्यामुळे आज चालत नाहीत. असा बिघाड त्रासदायक असला तरी प्रामाणिक असतो, कारण स्क्रिप्ट थांबते आणि कारणही सांगते.

दुसरा प्रकार मूक बदलाचा आणि म्हणून अधिक चिंतेचा आहे. 'क्षीरसागर' या शब्दात किती अक्षरे आहेत, हा प्रश्न घेऊ. युनिकोड संकेत मोजल्यास क, हलन्त, ष, दीर्घ वेलांटी, र, स, काना, ग, र अशी ९ ही संख्या येते. मराठी वाचक मात्र क्षी, र, सा, ग, र अशी ५ अक्षरे मोजतो. वाचकास जाणवणारे अक्षर कोठे सुरू होते व कोठे संपते याचे नियम युनिकोडने ठरवून दिले असून काही लायब्ररी त्यांनुसार मोजणी करतात. पूर्वीच्या नियमांप्रमाणे 'क्' आणि 'षी' हे वेगळे घटक मानले जात, म्हणून उत्तर ६ येत असे. युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षरे अखंड मानण्याचा नियम आला, त्यामुळे उत्तर ५ येते. म्हणजे मजकूर तोच, स्क्रिप्ट तीच, तरीही लायब्ररी युनिकोडच्या कोणत्या आवृत्तीवर आधारलेली आहे यानुसार अक्षरसंख्या बदलते. एखाद्या अभ्यासकाने मराठी कवितेतील चरणांच्या अक्षरसंख्येवर प्रबंध लिहिला असेल आणि आवृत्तीची नोंद ठेवली नसेल, तर पाच वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकास तीच आकडेवारी मिळणार नाही. दोघांपैकी कोणाचे चुकले, हेही मग सांगता येणार नाही.

प्रयोगशाळेत आपण रसायनाची शुद्धता आणि उपकरणाची क्षमता नोंदवितो. लायब्ररीचे नाव व आवृत्ती यांची नोंद हा त्याच शिस्तीचा भाग मानला पाहिजे.

६. अवलंबित्व आणि सुरक्षितता

मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाची लायब्ररी तिच्या कर्त्याने एनपीएम या भांडारातून काढून घेतली. एका नावाच्या हक्कावरून निर्माण झालेल्या वादात त्याने आपल्या अडीचशेहून अधिक लायब्ररी मागे घेतल्या, त्यांपैकी ही एक होती. तिच्यात अवघ्या ११ ओळींचा कोड होता आणि शब्दाच्या डाव्या बाजूस ठरावीक चिन्हे भरणे एवढेच तिचे काम होते. परंतु अनेक मोठ्या लायब्ररी तिच्यावर विसंबून असल्याने जगभरातील अगणित प्रकल्पांची बांधणी खोळंबली आणि भांडाराच्या चालकांना ती काही तासांतच पुन्हा उपलब्ध करून द्यावी लागली. जे काम आपण पाच मिनिटांत लिहू शकतो त्यासाठी बाह्य अवलंबित्व पत्करावे काय, हा प्रश्न या घटनेने ऐरणीवर आणला.

डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष उघडकीस आला. तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्यास १० पैकी १० गुण देण्यात आले. अनेक संस्थांना आपल्या प्रणालीत ही लायब्ररी आहे किंवा नाही, हेच प्रथम शोधावे लागले, कारण ती अन्य लायब्ररींच्या मागोमाग आली होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर ठेवलेले चोरदार सापडले. ते ठेवणाऱ्याने प्रदीर्घ काळ उपयुक्त योगदान देऊन प्रकल्पात विश्वासाचे स्थान मिळविले होते. दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास जाणवले आणि त्यातून हा प्रकार उघड झाला.

या घटना मोठ्या प्रणालींच्या असल्या, तरी महाविद्यालयातील संगणकही त्यांपासून दूर नाही. नामसाधर्म्याचा धोका तर आपल्या अगदी जवळचा आहे. प्रसिद्ध लायब्ररीच्या नावात एखादे अक्षर बदलून घातक कोड भांडारात ठेवला जातो. पायपीआयवर अशा बनावट लायब्ररी असल्याचा इशारा स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने २०१७ मध्ये दिला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे नाव आत्मविश्वासाने सुचवितात, आणि तेच नाव कोणी दुष्ट हेतूने भांडारात नोंदवू शकतो. म्हणून सुचविलेले नाव भांडारात जाऊन प्रत्यक्ष पडताळल्याविना लायब्ररी बसवू नये.

आणखी एक मुद्दा गोपनीयतेचा. भाषांतर, लिप्यंतर किंवा अक्षरओळख करणाऱ्या काही लायब्ररी आपल्या संगणकावर काम न करता मजकूर दूरच्या सर्व्हरकडे पाठवितात. त्या मजकुरात विद्यार्थ्यांची नावे, जात प्रवर्ग, दूरध्वनी क्रमांक किंवा मुलाखत देणाऱ्यांची माहिती असेल, तर ती महाविद्यालयाबाहेर जाते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी ज्यांनी विश्वासाने माहिती दिली त्यांच्याप्रती असलेले नैतिक उत्तरदायित्व उरतेच. लायब्ररी इंटरनेटशिवाय चालते काय, ही साधी चाचणी यासाठी पुष्कळ उपयोगी पडते.

७. परवान्याचा प्रश्न

विनामूल्य उपलब्ध आहे म्हणजे निर्बंधमुक्त आहे, असा समज सर्रास आढळतो. भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये 'साहित्यकृती' या संज्ञेच्या व्याख्येत संगणक आज्ञावलींचाही समावेश आहे. त्यामुळे ज्या कोडसोबत कोणताही परवाना दिलेला नाही, त्याचे हक्क कर्त्याकडेच राहतात. एमआयटी आणि बीएसडी हे परवाने उदार आहेत. कर्त्याची हक्कसूचना कायम ठेवली की वापर, बदल व वितरण यांस मुभा असते. नमपाय आणि पांडाज या बीएसडी परवान्याखाली येतात. जीपीएल या परवान्याखालील कोड समाविष्ट करून आपण आपली आज्ञावली इतरांना वितरित केली, तर तीही त्याच परवान्याखाली व मूळ कोडसह द्यावी लागते. केवळ स्वतःच्या संगणकावरील वापरास ही अट लागू होत नाही. शोधनिबंधासोबत स्क्रिप्ट प्रसिद्ध करणाऱ्या अथवा महाविद्यालयासाठी तयार केलेली प्रणाली अन्य संस्थेस देऊ इच्छिणाऱ्या प्राध्यापकाने हा भेद ध्यानी ठेवावा.

८. सुचविलेली कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचविता येईल.

१) प्रथम मानक लायब्ररी तपासावी. तेथे काम भागत असल्यास बाह्य अवलंबित्व टाळावे.

२) बाह्य लायब्ररी निवडताना तिची शेवटची आवृत्ती केव्हा आली, दस्तऐवज पुरेसे आहेत काय, नोंदविलेल्या दोषांस उत्तरे मिळतात काय, परवाना कोणता आणि तिच्यासोबत किती अन्य लायब्ररी येतात, हे पाहावे. केवळ लोकप्रियता हा निकष पुरेसा नाही.

३) प्रत्येक कामासाठी स्वतंत्र आभासी परिसर तयार करावा. पायथनमध्ये 'व्हेन्व' हा विभाग २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. त्यामुळे एका कामासाठी बदललेली लायब्ररी दुसऱ्या कामात व्यत्यय आणत नाही.

४) बसविलेल्या सर्व लायब्ररींची नावे व नेमक्या आवृत्त्या एका साध्या मजकूर फाइलीत नोंदवाव्यात. 'पिप' या साधनाची 'फ्रीझ' ही आज्ञा ही यादी आपोआप देते. ही फाइल स्क्रिप्टसोबतच जतन करावी आणि शोधनिबंधाच्या संशोधनपद्धतीत मुख्य लायब्ररींचा आवृत्तीसह उल्लेख करावा.

५) खऱ्या माहितीवर स्क्रिप्ट चालविण्यापूर्वी, ज्याचे उत्तर हाताने काढता येते अशा लहान नमुन्यावर ती तपासावी. हा नमुना मुद्दाम अडचणीचा असावा. त्यात जोडाक्षरे असावीत, 'ऱ' असावा, ३४.५ गुण असावेत, एखादा रिकामा रकाना असावा, आणि '००७' असा हजेरी क्रमांकही असावा, कारण पांडाज वेगळी सूचना नसल्यास सीएसव्ही फाइलीतील अशा क्रमांकास संख्या मानून त्याचे ७ करते.

६) जेथे लायब्ररी मूकपणे निर्णय घेते तेथे तो निर्णय स्क्रिप्टमध्ये स्पष्टपणे लिहावा. समष्टी की नमुना, अर्धा गुण कोणत्या बाजूस, फाइलींचा क्रम कोणता, हे लिहून ठेवल्याने स्क्रिप्ट एखाद-दुसऱ्या ओळीने वाढते, परंतु वाचणाऱ्यास आपला हेतू कळतो.

७) आवृत्ती अद्ययावत करावयाची झाल्यास सत्राच्या मध्यावर करू नये. केल्यानंतर पाचव्या मुद्द्यातील नमुना पुन्हा चालवून पाहावा. मात्र सुरक्षेशी संबंधित दोष जाहीर झाल्यास विलंब न लावता सुधारित आवृत्ती घ्यावी.

९. स्वतः कोड केव्हा लिहावा ?

बाह्य लायब्ररीचा आग्रह सर्वत्र धरणेही योग्य नाही. काम अगदी लहान असेल, त्याचे नियम आपल्याच संस्थेचे असतील, किंवा तयार लायब्ररीतील गृहीतके आपल्या विषयाशी विसंगत असतील, तेव्हा स्वतः लिहिणे श्रेयस्कर होय. अंतर्गत गुणांची विभागणी हे असे काम आहे, कारण ते नियम संबंधित विद्यापीठाचे असतात. युनिकोडपूर्व काळातील एखाद्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेला मजकूर युनिकोडमध्ये आणणे हेही तसेच काम ठरू शकते, कारण प्रत्येक फॉन्टची संकेतरचना निराळी असते आणि तिचा तक्ता अभ्यासकालाच मजकुराशी ताडून पाहावा लागतो. नामावलीच्या क्रमासाठीदेखील, आयसीयू बसविणे अवघड जात असल्यास, मराठी वर्णक्रमाचा स्वतःचा छोटा तक्ता पुरेसा होऊ शकतो, मात्र अनुस्वार व जोडाक्षरे यांचा विचार त्यात केलेला असावा. याउलट कूटलेखन, सांख्यिकीय चाचण्या, तारखांची व कालविभागांची गणना अशी कामे स्वतः लिहिण्याच्या फंदात सहसा पडू नये. तेथील चुका दिसत नाहीत आणि त्यांचे मोल मोठे असते.

१०. समारोप

बाह्य लायब्ररी हे ज्ञानाच्या सहकाराचे एक रूप आहे. इतरांनी परिश्रमपूर्वक सोडविलेला प्रश्न प्रत्येकाने नव्याने सोडवीत बसावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु संदर्भग्रंथातून अवतरण घेताना आपण आवृत्ती पाहतो, संपादक पाहतो आणि मूळ वाक्याचा संदर्भ तपासतो. हीच चिकित्सक वृत्ती उसन्या कोडच्या बाबतीतही अपेक्षित आहे. 'संगणकाने काढलेला आकडा' हे उत्तर परीक्षक, विद्यार्थी किंवा सहसंशोधक यांच्यासमोर पुरेसे ठरत नाही. तो आकडा कोणत्या नियमाने, कोणत्या आवृत्तीने आणि कोणत्या गृहीतकावर निघाला, हे सांगता आले पाहिजे. ३४.५ गुणांवर थबकलेल्या विद्यार्थ्यास ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर लायब्ररीच्या कर्त्याने नव्हे, तर स्क्रिप्ट लिहिणाऱ्या शिक्षकाने द्यावयाचे आहे. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमांत आणि महाविद्यालयीन कार्यशाळांत स्क्रिप्ट लिहिण्याच्या कौशल्याबरोबरच ही दक्षताही शिकविली जावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.